मेथीच्या वाफ्यातली भाटी

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. घरामागे दोन वाफे होतील एवढी मोकळी जागा आहे. मुलीला पाचवा महिना चालू आहे, संक्रांतीनंतर ती बाळंतपणासाठी माहेरी येईल. तिला घरची हिरवी भाजी मिळावी म्हणून दसरा झाल्यावर एका वाफ्यात मेथी आणि दुसऱ्यात कोथिंबीर पेरली. आपली काळी माती फार आवळते, म्हणून यंदा तिच्यात रेती, शेणखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडं बोनमील म्हणजे हाडांची भुकटी मिसळली. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर मेथीचा वाफा उकरलेला आणि मधोमध घाण. तेव्हापासून रोज तेच, कधी या वाफ्यात, कधी त्या. गल्लीत एक पांढरी-करडी भाटी, म्हणजे मांजरी, आहे. तिला रोज सकाळी वाटीभर दूध मीच घालते, आणि तिनेच असं करावं याचं फार वाईट वाटतं. लाल तिखट टाकलं, निळीच्या पाण्याच्या बाटल्या लावल्या, आता डांबर गोळ्या पसरल्या आहेत. यजमान म्हणतात, पोत्यात घालून बायपासच्या पलीकडे सोडून येतो. त्यात नातवाने तीन महिन्यांचं पिल्लू घरात आणलंय. ते दिवाणखान्यातल्या कुंड्या उकरतं, मनीप्लांट चावतं. आणि शेजारणीने सांगितलं की मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला धोका असतो. तेव्हापासून मला झोप नाही. काय करू?

उत्तर:

काकू, बाकीचं पत्र पुढे वाचालच, पण आधी उठा आणि त्या डांबर गोळ्या वेचून काढा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून वेचा, मोजून वेचा, एकही मातीत राहू देऊ नका. त्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. मांजराच्या पोटात गेल्या तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृत बिघडतं. घरातल्या लहान मुलालाही त्या गोळीने तोच त्रास होतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची उणीव असते आणि अशा तान्ह्यांना या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही कावीळ होऊ शकते. म्हणून बाळ येणार असलेल्या घरात कपड्यांच्या कपाटातसुद्धा या गोळ्या नकोत. आणि पालेभाजीच्या मातीत तर नकोतच.

लाल तिखटाचंही तसंच. ते पंजाला चिकटतं, मांजर पंजा चाटतं, त्याच पंजाने तोंड पुसतं आणि डोळ्यांची आग आग होते. फिनाईल तुम्ही वापरलेलं नाही, चांगलं केलंत. त्यातले द्रव्य पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात नसते. कुत्र्याला एक वेळ जे झेपेल ते मांजराला झेपत नाही. नीलगिरीच्या तेलाचंही तेच. निळ्या बाटल्यांनी कोणाचं वाईट होत नाही, पण उपयोगही शून्य. मी आमच्या रामबागेत त्याच बाटलीला टेकून ऊन खात बसलेली मांजरं पाहिली आहेत.

आता भाटीकडे वळू. तुम्हाला वाटतंय की दूध पिऊन ती उपकार विसरली. तसं काही नाही. घरातल्या मांजराचे पूर्वज वाळवंटातले, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या कुळातले. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही आली. सैल कोरडी रेती दिसली की उकरायचं, विधी उरकायचा आणि झाकून टाकायचं, हे तिच्या हाडात आहे. मूळची माळव्याची काळी माती तिला आवडतच नाही. ओली असताना ती पंजाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते आणि भेगाळते. तुम्ही त्या मातीत रेती घातलीत, कोकोपीट घातलंत, खुरप्याने भुसभुशीत केलीत. नारळाच्या काथ्यापासून केलेली मांजराची वाळू बाजारात विकत मिळते, काकू. तुमच्या वाफ्यात तीच आयती पसरलेली आहे.

त्यावर बोनमील. आपल्याला त्याचा वास जेमतेम येतो, तिला तो हाडामांसाचा वाटतो. गुलाबाला बोनमील घातल्यावर दुसऱ्या दिवशी आळं उकरलेलं दिसतं, ते यामुळेच. पालेभाजीला त्याची गरजही नाही, मेथी-कोथिंबिरीला कुजलेलं शेणखत पुरतं. पुढच्या खेपेला बोनमील फक्त गुलाबाला द्या, तेही वीतभर खोल, वर मातीचा थर दाबून.

एक गोष्ट वाफ्याजवळ बसून बघा. पावसाळ्यात उगवलेलं खोकली नावाचं तण कडेला असेल. हातभर उंचीचं, पानं कडेने करवतीसारखी, शेंड्याकडे हिरव्या कपांसारखी बारीक फुलं. ते उपटलं की मुळाच्या वासाने मांजरं अक्षरशः वेडी होतात, त्यावर लोळतात, मुळं चावतात. निंदणी करून ते तण आपण वाफ्याच्या कडेलाच टाकून देतो आणि नकळत आमंत्रण धाडतो. मला हे कळायला दोन हंगाम गेले. उपटाल ते लगेच उचलून लांब टाका.

आणि दूध. मनाने चांगलं करताय, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, कारण दुधातली साखर मोडणारा पाचक रस पिल्लूपणानंतर आटत जातो. मग जुलाब होतात. तुमच्या वाफ्यात रोज जी घाण दिसते ती पातळ असते का? असेल तर अर्धं कारण त्या वाटीत आहे. दूध बंद करा. द्यायचंच तर एक वाटी स्वच्छ पाणी ठेवा, आणि खायला दिलंत तर घराच्या पुढच्या बाजूला, वाफ्यांपासून लांब.

वाफ्याचा इलाज सोपा आहे, आणि मी सांगते तो वासाचा नाही. संत्र्याची सालं टाका, कॉफीचा चोथा टाका, असं सगळे सांगतात. सालं दोन दिवस काम करतात, वाळली की संपलं. कॉफीचा चोथा पोटात गेला तर मांजराला विषारी. वासाच्या मागे लागलात तर रोज नवीन काहीतरी टाकत बसाल. मांजर जागा निवडतं ते पंजाखाली काय लागतं यावरून. म्हणून वरचा इंचभर थर बदला, बास.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी हार्डवेअरच्या दुकानातून आणा, लोहामंडीत स्वस्त पडेल. भोक एक इंचाच्या आसपास असावं. वाफ्याच्या मापाने कापून सरळ मातीवर आडवी पसरा, कापलेल्या तारांची टोकं खाली मुडपून जमिनीत खुपसा म्हणजे तुमच्याही हाताला लागणार नाहीत, आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा. भाटी येईल, पंजा टाकेल, नख्या तारेत अडकतील, माती हलणार नाही. दोन-तीन रात्री प्रयत्न करून ती सोडून देईल. मेथीचे कोंब भोकांतून आरामात वर येतात. फक्त एक लक्षात ठेवा, आता मेथी मुळासकट उपटता येणार नाही, कात्रीने दोन बोटं ठेवून कापायची. तशी कापली तर ती पुन्हा फुटतेही. कोथिंबिरीचंही तसंच.

जाळी आणेपर्यंत काटक्या खोवा. बोगनवेलीची छाटणी केलेली असेल तर तिच्या काटेरी फांद्या आडव्या टाका, नाहीतर झाडूच्या जाड काड्या चार-चार बोटांवर उभ्या रोवा. मांजराला गोल फिरून बसायला हातभर मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की ते पुढे जातं. रोपं वीतभर वाढून दाट झाली की मातीच दिसत नाही आणि प्रश्न आपोआप मिटतो. तुमची अडचण फक्त पेरणीपासूनच्या पहिल्या तीन आठवड्यांची आहे.

ओली माती तिला नको असते, त्यामुळे नळाला नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी संध्याकाळी वाफा भिजवला तर रात्रीपुरता उपयोग होतो. पण कोवळ्या कोंबांवर रात्रभर पाणी राहिलं तर ते बुडाशी कुजतात, म्हणून झारीने पानांवर न घालता कडेने सोडा.

पण तिला इथून नाही म्हणायचं तर कुठेतरी हो म्हणावं लागेल. परसदाराच्या एका कोपऱ्यात, भाजीपासून जितकं लांब जमेल तितकं, दोन फूट बाय दोन फूट जागा चार विटांनी आखा आणि त्यात सहा इंच कोरडी रेती भरा. वर पत्रा किंवा झाडाची सावली असेल तर उत्तम. वाफ्यातली तिचीच थोडी घाण खुरप्यावर उचलून त्या रेतीत टाका, म्हणजे जागा कशासाठी आहे हे तिला नाकाने कळेल. मग रोज सकाळी खुरप्याने तेवढंच उचलून कागदात गुंडाळायचं आणि कचऱ्याच्या गाडीत डायपर जातात त्या डब्यात टाकायचं. ओल्या कचऱ्यात नाही, घरच्या खताच्या खड्ड्यात तर मुळीच नाही. घरचं खत एवढं तापत नाही की त्यातले जंतू मरतील. हे रोजचं पाच मिनिटांचं काम यजमानांकडे द्या. पोतं घेऊन बायपासपर्यंत जाण्यापेक्षा ते बरंच सोपं आहे.

पोत्याबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. मांजराला तिची हद्द पाठ असते. अनोळखी रस्त्यावर सोडलेली भाटी परत यायला निघते आणि त्या वाहनांतून वाचली तर नशीब. ती गेली तरी तुमची गल्ली रिकामी राहत नाही, आठवडाभरात दुसरं मांजर तिच्या जागी येतं आणि तुमचा मऊ वाफा त्यालाही तितकाच आवडतो. प्राणी उपाशी-तहानलेला तडफडेल अशा ठिकाणी टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. विष घालणाऱ्याला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. काशीला सोन्याचं मांजर वाहायची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, ती आजीने उगाच सांगितलेली नव्हती.

खरा उपाय म्हणजे तिची नसबंदी. मांजरीचा गर्भ नऊ आठवड्यांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा-तीनदा विते. आज एक भाटी आहे, होळीपर्यंत तुमच्या परसात पाच असतील. शहरातल्या पशुवैद्यांकडे हे ऑपरेशन होतं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५पासूनचं, तिथेही चौकशी करा. गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढली तर एकावर भार येत नाही. भूल दिलेली असतानाच कानाचं टोक किंचित कापून घ्यायला सांगा, ती नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे ती पुन्हा पकडली जाणार नाही.

आता मुलीचं. शेजारणीने सांगितलं ते अर्धं खरं आहे आणि अर्ध्याच गोष्टीने झोप उडते. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी असतो. मांजराला तो संसर्ग पहिल्यांदा झाला की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, पुढे सहसा पडत नाहीत. बाहेर पडलेली अंडीही लगेच लागण करत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची घाण रोज उचलली तर धोका खूप कमी होतो. पण मातीत राहिली तर ती वर्षाहून जास्त टिकतात. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते, हे खरं. पण मांजराला हात लावल्याने ती होत नाही. होते ती न धुतलेली कच्ची भाजी, मातीचे हात तोंडात जाणं आणि कच्चं राहिलेलं मांस यांतून.

त्यामुळे असं करा. आत्ताच्या वाफ्यातली घाण भोवतालच्या चार बोटं मातीसकट काढा, रबरी हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवा. त्या वाफ्यातली मेथी धुऊन, नीट शिजवून खायला हरकत नाही, शिजवल्यावर तो परजीवी जगत नाही. त्या वाफ्यातली कोथिंबीर मात्र यंदा कच्ची कोणीही खाऊ नका, मुलीने तर नाहीच. मुलगी आल्यावर मातीचं काम आणि पिल्लाच्या घाणीचं भांडं दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा. पिल्लाला मांडीवर घ्यायला मनाई नाही. रक्ताची तपासणी करायची की नाही, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. फोनवर आजच विचारलंत तर तुम्हालाही आज रात्री झोप लागेल.

घरातल्या पिल्लाला मात्र शिकवावं लागेल. ते कुंड्या उकरतं याचा अर्थ त्याला स्वतःचं भांडं नाही, किंवा आहे पण अस्वच्छ किंवा गडबडीच्या जागी आहे. पसरट टब घ्या, कड पिल्लाला ओलांडता येईल एवढी बुटकी, त्यात तीन बोटं रेती. खाण्याच्या वाटीजवळ नाही, बाथरूमच्या कोपऱ्यात. जेवल्यावर आणि झोपून उठल्यावर त्याला उचलून त्यात ठेवा, आठवड्यात शिकेल. कुंडीत आधी केलं असेल तर वरची माती बदला, नाहीतर वासाने तिथेच परत येईल. फरशीवर केलं असेल तर पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास त्याला लघवीसारखाच वाटतो.

कुंड्यांवर गोटे पसरा. ओंकारेश्वरला किंवा महेश्वरला गेलात की घाटावरून आणलेले नर्मदेचे गोळे-गोटे घरात पडलेले असतातच, लिंबाएवढे घ्या, बारीक खडे नको, पिल्लू गिळेल. मधे बोटभर फटी राहिल्या की पाणी मुरतं. आणि हलक्या कुंड्या शिंक्यावर चढवा. आपल्या आज्यांनी दुधाचं भांडं जसं ठेवलं तसंच, भिंतीपासून आणि खुर्चीपासून लांब, कारण मोठं झालेलं मांजर पाच फूट सहज उडी घेतं.

मनीप्लांट आजच वर टांगा. त्याच्या पानात अळूच्या पानातलेच सुईसारखे बारीक खडे असतात. कच्च्या अळूने घसा कसा खाजतो ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर आपण त्यात चिंच घालतो. पिल्लाच्या जिभेला तेच होतं, लाळ गळते, तोंड सुजतं. जीव सहसा जात नाही. डिफेनबेकियाचंही तसंच. कण्हेर, अडेनियम आणि सायकस मात्र जिवावर बेततात, ती घरात किंवा पिल्लाच्या वाटेवर नकोतच.

आणि लिली. फुलांच्या दुकानातल्या गुच्छात मोठी, सुगंधी, गुलाबी-पांढरी लिली असते तिच्याबद्दल बोलते आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला कोणीतरी तो गुच्छ दिला. मी तो टेबलावर ठेवला. संध्याकाळी आमच्या बोक्याच्या पांढऱ्या मिशांना तांबूस पराग लागलेले दिसले आणि मी कौतुकाने त्याचा फोटो काढला. त्याने ते चाटले. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं गेली, पहिल्याच दिवशी आणलं असतं तर सलाईनवर वाचला असता. ते पराग कापडाने पुसून काढायचे असतात आणि तडक दवाखान्यात जायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. बाळ पाहायला येणारी माणसं गुच्छ आणतील. लिली असेल तर तो दारातच दुसऱ्याला द्या.

पिल्लाला चावायला स्वतःचं काहीतरी हवं. नवरात्रात घटाभोवती जसं धान्य पेरतो तसं पसरट थाळीत माती घालून मूठभर गहू पेरा. आठवड्यात हिरवंगार होतं. ती थाळी खिडकीशी खाली ठेवा, ती त्याची. नातवाला पेरायला लावा, रोज पाणी घालायचं काम त्याचं. दर पंधरा दिवसांनी नवी थाळी.

मुलीच्या कच्च्या कोथिंबिरीची सोय अशी करा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर एक रुंद टब घ्या, त्यात नर्सरीतली नवी माती भरा, वाफ्यातली नको. धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. थंडीत उगवायला दहा-बारा दिवस लागतील, दीड महिन्यात खुडायला येईल, म्हणजे संक्रांतीच्या मागेपुढे. खुडलेली दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. आणि टबावरची जाळी पेरणीच्या दिवशीच बसवा, दुसऱ्या सकाळची वाट पाहू नका. भाटी पहिल्याच रात्री येते.